पहिले अक्षर राशीचे, शेवटचे लोकांचे! मुलाचे नाव ठरवताना हे तपासा

बारशाची तारीख ठरली की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावांच्या याद्या येऊन पडू लागतात. पूर्वी या याद्या एकाच प्रकारच्या असत. 'च'वरून मुलांची नावे, 'स'वरून मुलांची नावे. आता त्यात नवा प्रकार आला आहे: 'व'वर संपणारी नावे, 'न'वर संपणारी नावे, 'अंश'वर संपणारी नावे. मोठ्याचे नाव अर्णव आहे, मग धाकट्याचेही 'व'वरच संपले पाहिजे. चुलत भाऊ शिवांश आणि वेदांश आहेत, मग आपलाही कुठला तरी 'अंश'च हवा.

या शोधाची थट्टा करणे सोपे आहे. पण शेवटच्या अक्षराकडे लक्ष देणारे आईबाप चुकीचे काही करत नाहीत, असे माझे मत आहे. रोजच्या व्यवहारात नावाचे पहिले अक्षर जेवढे काम करते, त्याहून जास्त काम शेवटचे अक्षर करते. हाक तिथे लांबते, 'ला', 'ने', 'चा' हे प्रत्यय तिथे चिकटतात, टोपणनाव तिथूनच फुटते. चूक होते ती निवडीच्या पद्धतीत. आपण शेवटचे अक्षर यादीत बघून निवडतो. ते हाक मारून, वाक्यात घालून आणि कागदावर लिहून निवडायला हवे.

पहिले अक्षर कुठून येते?

ज्या घरात पंचांग बघून नाव ठेवतात, तिथे पहिले अक्षर जन्मनक्षत्रावरून येते. नक्षत्रे २७, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एकूण १०८ चरण. प्रत्येक चरणाला एक अक्षर नेमून दिलेले असते. अश्विनी नक्षत्राची अक्षरे चू, चे, चो, ला. या कोष्टकाला अवकहडा चक्र म्हणतात.

गंमत अशी की या चक्रात अशीही अक्षरे आहेत ज्यांवरून नाव सापडणे जवळपास अशक्य आहे. आर्द्रेच्या वाट्याला 'ङ' आहे, हस्ताच्या वाट्याला 'ण' आणि 'ठ', उत्तराभाद्रपदेच्या वाट्याला 'ञ'. अशा वेळी गुरुजी जवळचे दुसरे अक्षर सुचवतात किंवा पत्रिकेतले नाव वेगळे आणि हाक मारायचे नाव वेगळे ठेवले जाते. म्हणजे पहिल्या अक्षराचा नियम पाळणारेही गरजेप्रमाणे वाट काढतातच.

या चक्रात शेवटच्या अक्षराबद्दल काहीच सांगितलेले नाही. ते मोकळे आहे, आणि म्हणूनच खरी निवड तिथे होते.

एकेकाळी शेवटावरही नियम होते

ही मोकळीक आपल्याला कायमची होती असे नाही. पारस्कर गृह्यसूत्रात नामकरणाचे नियम आहेत. मुलाच्या नावात दोन किंवा चार अक्षरे असावीत, शेवट दीर्घ स्वराने किंवा विसर्गाने व्हावा; मुलीच्या नावात विषम अक्षरे असावीत आणि शेवटी 'आ' यावा. त्यापुढचा नियम जास्त महत्त्वाचा आहे. ब्राह्मणाच्या नावाच्या शेवटी 'शर्म', क्षत्रियाच्या 'वर्म' आणि वैश्याच्या 'गुप्त' लावावे.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात हीच गोष्ट आणखी कठोर होते. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे, असे तिथे सांगितले आहे. नावाच्या उत्तरार्धातून शूद्राचे सेवकपण दिसावे, असेही सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जी मनुस्मृती जाळली गेली, तिच्यात बाळाच्या नावाचा शेवटसुद्धा जातीने बांधून ठेवला होता.

म्हणून 'शेवटच्या अक्षराने काय फरक पडतो?' हा प्रश्न महाराष्ट्राने तरी विचारू नये. इथे तो फरक गावोगाव पिढ्यान् पिढ्या पडत आला आहे.

एकच नाव, पाच शेवट

पोथीतला नियम सगळ्यांनी वाचला नव्हता, पण त्याचा बोलीतला अवतार सगळ्यांना ठाऊक होता. एकच नाव घ्या: गणपत. शेतावरच्या गड्याला 'गण्या' म्हणत. घरातल्या लेकराला 'गणू'. वयस्क, देवभोळ्या माणसाला 'गणोबा'. ज्याच्याकडे जमीनजुमला आहे तो 'गणपतराव'. पांढरपेशा घरातला 'गणपतपंत'. नावाची सुरुवात पाचही ठिकाणी तीच. माणसाचा मान, वय, जात आणि ऐपत सांगण्याचे काम शेवट करत होता.

'दगडू' हे नाव बघा. मूल जगत नसे, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, भिकू, केरबा अशी नावे ठेवण्याची रीत होती. त्याच दगडूच्या मागे 'शेठ' लागले की पुण्याच्या सुप्रसिद्ध गणपतीचे नाव तयार होते. दगड तोच राहिला, शेवट बदलला.

बाबासाहेबांचे लहानपणीचे नाव भिवा. पुढे भीमराव, आणि लोकांनी दिलेले बाबासाहेब. जोतीराव फुले यांना लोक प्रेमाने जोतिबा म्हणतात. 'राव' आणि 'बा' या दोन्ही शेवटांत आदर आहे, पण एकात दरारा आहे आणि दुसऱ्यात जवळीक. शिवाजी महाराजांसाठी 'शिवबा' आणि 'शिवाजीराजे' ही दोन्ही रूपे आपण प्रसंग बघून वापरतो.

आज जन्म दाखल्यावर कुणी 'राव' किंवा 'पंत' लिहायला सांगत नाही. गड्याच्या मुलाचे आणि मालकाच्या मुलाचे नाव एकच असू शकते आणि दोन्ही नावांचा शेवटही एकच असू शकतो. ही लहान गोष्ट नाही. शेवट निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले आहे, ते एखाद्या ॲपच्या यमकयादीवर सोडून देणे मला पटत नाही.

प्रत्येक पिढीचा आपला शेवट

फॅशन मात्र प्रत्येक पिढीत असतेच. आजोबांच्या पिढीत प्रभाकर, दिवाकर, सुधाकर, गंगाधर, मुरलीधर, चंद्रकांत, लक्ष्मीकांत. त्यानंतर 'ईश'ची लाट: रमेश, सुरेश, महेश, दिनेश, उमेश, योगेश. मग 'त' आणि 'न' आले: अमित, अजित, रोहित, नितीन, सचिन. आता 'व', 'न' आणि 'अंश' जोरात आहेत.

एका प्रसिद्ध मराठी घरात ही वाट सरळ दिसते. वडील रमेश तेंडुलकर. मुलगे नितीन, अजित आणि सचिन. सचिनचे नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलेले. नातू अर्जुन. तीन पिढ्यांत 'श', 'त', 'न' ही अक्षरे येऊन गेली. घरात कुणी यमक जुळवायला बसले नव्हते. त्या त्या काळाच्या कानाला जे गोड वाटले ते ठेवले.

असे फक्त आपल्याकडे होते असेही नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी प्रशासनाकडे १८८० पासूनच्या बालनावांची आकडेवारी खुली आहे. नावांच्या अभ्यासक लॉरा वॉटनबर्ग यांनी तिच्यावरून दाखवून दिले, की जुन्या काळी मुलग्यांच्या नावांचे शेवट अनेक अक्षरांत विभागलेले असत. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र जवळपास दर तीन मुलग्यांतल्या एकाचे नाव 'एन' या अक्षराने संपू लागले. एडन, जेडन, मेसन, ईथन, लोगन. आपल्याकडचे विहान, अयान, कियान, रेयान शेजारी ठेवून बघा. हजारो आईबाप 'वेगळे नाव' शोधायला निघतात आणि एकाच अक्षरापाशी येऊन थांबतात.

याचा त्रास कुणाला होतो? वर्गातल्या बाईंना. आरव, अर्णव, राघव, माधव आणि अथर्व एकाच वर्गात असतील तर गोंगाटात नावाचा शेवटच कानावर पडतो आणि हाक एकाला मारली तरी चार माना वळतात.

'अंश' लावला म्हणजे अर्थ आला असे नाही

संस्कृतातून आलेल्या नावांत शेवट हा बहुतेक वेळा स्वतः अर्थ असलेला शब्द असतो. 'ईश' म्हणजे स्वामी. रमा अधिक ईश म्हणजे रमेश. 'ज' म्हणजे जन्मलेला. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेले कमळ. 'द' म्हणजे देणारा. वरद म्हणजे वर देणारा. 'जित' म्हणजे जिंकणारा. इंद्रजित म्हणजे इंद्राला जिंकणारा, अर्थात रावणाचा मुलगा मेघनाद. उलट अजित म्हणजे जो जिंकला गेला नाही असा.

हे कळले तर काही गफलती टळतात. 'अनुज' हे नाव गोड आहे, पण त्याचा अर्थ मागून जन्मलेला, म्हणजे धाकटा भाऊ. घरातल्या पहिल्या मुलाला अनुज म्हणताना हे ठाऊक असलेले बरे.

'अंश'चेही तसेच. शिव अधिक अंश म्हणजे शिवांश, देव अधिक अंश म्हणजे देवांश, दिव्य अधिक अंश म्हणजे दिव्यांश. हे संधीच्या नियमाने नीट बसते. पण 'रेयांश'चा अर्थ अनेक याद्यांत 'सूर्याचा अंश' किंवा 'विष्णूचा अंश' असा दिलेला असतो. रवि अधिक अंश याचा संधी होतो 'रव्यंश', आणि विष्णु अधिक अंश याचा 'विष्ण्वंश'. रेयांश यातल्या कशातूनही निघत नाही. तो आधी शेवट ठरवून पुढे गोड आवाज जोडलेला शब्द आहे. गोड आवाज आवडला म्हणून नाव ठेवायला काहीच हरकत नाही. फक्त यादीतला अर्थ खरा धरून तो पाहुण्यांना सांगू नये.

'श्रेयांश' आणि 'श्रेयांस' यांतही घोळ होतो. जैन परंपरेतले अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ; तिथे शेवटी 'स' आहे. त्यांच्यावरून नाव ठेवायचे असेल तर शेवटचे अक्षर 'श' करून चालणार नाही.

आणि आरव? अनेक याद्या त्याचा अर्थ 'शांत' देतात. संस्कृतात 'आरव' म्हणजे आवाज, ओरडा, गलका. त्यासाठी संस्कृत यायलाही नको. मराठीत कोंबडा पहाटे काय करतो? आरवतो! नाव वाईट नाही, घरात बाळ आले की आरव होतोच. पण 'शांत' म्हणून ठेवले असेल तर बाळ लवकरच गैरसमज दूर करील.

अर्थ तपासायला पैसे लागत नाहीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत बघता येतात. मोबाइलवर दोन मिनिटांचे काम आहे.

'शेवटचे अक्षर' म्हणजे नेमके कोणते?

याद्या करणाऱ्यांचा मोठा गोंधळ इथे आहे. त्यांपैकी बऱ्याच याद्या रोमन लिपीवरून केलेल्या असतात. देवनागरीत 'आदित्य' हे नाव 'त्य'वर संपते, रोमनमध्ये 'ए'वर. 'एन'वर संपणारी नावे मागितली की अर्जुन, ईशान यांच्याबरोबर किरण, श्रवण, लक्ष्मणही येतात, कारण 'न' आणि 'ण' यांच्यात रोमन लिपी फरक करत नाही. 'गणेश'चा 'श' आणि 'संतोष'चा 'ष' तिथे एकच होतात.

सर्वांत जास्त फटका बसतो 'ळ'ला. 'गोपाळ' रोमनमध्ये लिहिला की त्याचा शेवट 'एल' होतो. पुढे तेच नाव संगणकाने परत देवनागरीत आणले की 'गोपाल' उमटते. मराठीचा कान ज्या अक्षरावर ओळखू येतो, ते अक्षर दोन फॉर्म भरेपर्यंत गायब! 'ळ'वर संपणारे नाव ठेवणाऱ्यांनी देवनागरी नोंद प्रत्येक वेळी स्वतः वाचून बघावी.

दुसरा प्रश्न शेवटच्या 'अ'चा. मराठीत आपण लिहितो 'राम', पण म्हणतो 'राम्'. शेवटचा 'अ' उच्चारात गळतो. जोडाक्षर आले तर मात्र तो थोडासा ऐकू येतो: आदित्य, चैतन्य, अजिंक्य, अथर्व. म्हणूनच काहीजण 'अथर्व'च्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटी 'ए' लिहितात आणि काहीजण लिहीत नाहीत. दोन्ही बरोबर असू शकतात, पण एकाच मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरे असेल तर पुढे पासपोर्टच्या वेळी धावपळ ठरलेली. कोणते स्पेलिंग ते पहिल्या दिवशी ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याच 'ए'ची आणखी एक बाजू माहीत असते. इंग्रजी भाषकांच्या कानाला 'ए'वर संपणारे नाव बरेचदा मुलीचे वाटते. त्यामुळे आदित्य किंवा कृष्ण यांना नव्या ठिकाणी अधूनमधून खुलासा करावा लागतो. रोहन, नील, ईशान ही नावे तिथे सुटसुटीत ठरतात ती यामुळेही. आपल्याकडे ही अडचण क्रियापद सोडवते. किरण मुलाचेही नाव असते आणि मुलीचेही. पण 'किरण आला' की 'किरण आली' एवढ्यात उलगडा होतो.

ऱ्हस्व की दीर्घ?

शेवटच्या अक्षराशी जोडलेला आणखी एक प्रश्न शाळेत दाखला करताना येतो: रवि की रवी? विष्णु की विष्णू? मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनुसार व्यक्तिनामांच्या शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ लिहायचा: रवी, हरी, विष्णू. हिंदीत 'रवि' लिहितात. म्हणून हिंदी यादीतून नाव जसेच्या तसे उचलले की मराठी दाखल्यावर खटकते.

शेवटून दुसऱ्या अक्षराचा नियमही माहीत असावा. 'पाटील', 'कठीण' अशा मराठी शब्दांत शेवटच्या अक्षराआधीची वेलांटी दीर्घ असते. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मूळ रूपात राहतात: अजित, रोहित, अर्जुन, विपुल. त्यामुळे 'रोहीत' किंवा 'अर्जून' लिहू नये. नावाच्या मालकाने वेगळे रूप निवडले असेल तर त्याचा मान राखायचा, पण बाळाच्या बाबतीत निवड आपली असते. ती विचार करून करावी.

नाव पाळण्यात घालण्याआधी चार चाचण्या

हाक. नाव खिडकीतून खालच्या अंगणात ऐकू जाईल असे म्हणून बघा. स्वरावर संपणारे नाव, म्हणजे रवी, विष्णू, मनू, हवे तेवढे लांबवता येते. व्यंजनावर तुटणारे नाव ओढताना आपोआप स्वर जोडला जातो: 'अथर्वाऽऽ', 'मंदाराऽऽ'. दोन्ही चालतात, पण घरातल्या आजीच्या तोंडात ते बसते का, हे बघावे.

विभक्ती. नाव एकटे कधीच राहत नाही. त्याला 'ने', 'ला', 'शी', 'चा' लागणारच. 'विहानने नेले', 'राहुलला लागले', 'शिवांशशी शर्यत' ही वाक्ये तीनदा भरभर म्हणून बघा. 'शिवांशशी' म्हणताना जीभ अडखळते. अडखळली म्हणून नाव टाकून द्यायचे नाही. आपण 'शिवांशबरोबर' म्हणू किंवा जुन्या वळणाने 'शिवांशाशी' म्हणू. पण हे आधी माहीत असावे.

टोपणनाव. मराठी मित्रमंडळी नावाचा शेवट कापून 'या' लावतात. सचिनचा सच्या, नितीनचा नित्या, गणेशचा गण्या. या 'या'मध्ये एकेकाळी हिणवणे होते. आज मित्रांच्या तोंडी तो बहुतेक वेळा जिव्हाळा असतो. तरी तुमच्या आवडत्या नावाला 'या' लावून बघाच. शिवांशचे काय होते? 'शिव्या'! शाळेत दुसरीपर्यंत हा शोध लागतोच, तो आईबापांना आधी लागलेला बरा.

पूर्ण नाव. ही चाचणी आता नव्याने महत्त्वाची झाली आहे. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. पूर्वी बाळाच्या नावाचा शेवट वडिलांच्या नावाच्या सुरुवातीला भिडत असे. आता तो आईच्या नावाला भिडतो. 'नमन नयना' किंवा 'अथर्व वंदना' म्हणताना एकच अक्षर दोनदा येते. 'रवी ईश्वरी' भरभर म्हटले तर 'रवीश्वरी' ऐकू येते. पन्नास वर्षे हजेरीत, परीक्षेत, बँकेत वाचले जाणारे नाव एकदा मोठ्याने वाचून बघायला काय हरकत आहे? शिवाय आईचे नाव कागदावर आले आहे, ते नीट ऐकूही आले पाहिजे.

भावंडांची नावे जुळवायची का?

भावंडांच्या नावांना एकच शेवट असावा, हा आग्रह आता बराच वाढला आहे. त्यामागची भावना समजते. दोघे एकत्र आहेत हे नावातून दिसावे असे वाटते. पण महाराष्ट्राला सर्वाधिक ठाऊक असलेली भावंडे कोणती? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. चौघांचे चार शेवट. रामायणातले जुळे लव आणि कुश; यमक तिथेही नाही. त्यांचे नाते अक्षराने जोडलेले नव्हते आणि सुटलेही नाही.

यमक जुळवण्याची खरी किंमत धाकट्याला मोजावी लागते. मोठ्याचे नाव आईबापांना आवडले म्हणून ठेवलेले असते. धाकट्याचे नाव मोठ्याच्या नावाशी जुळते म्हणून. आरव आणि अर्णव एकाच घरात असतील तर स्वयंपाकघरातून मारलेली हाक दोघांना सारखीच ऐकू येते, आणि आयुष्यभर मामा-काका नावांची अदलाबदल करत राहतात. धाकटाही आपल्यापरीने पहिलाच असतो. त्याला त्याचे नाव मिळावे.

घाई कशाला?

नाव ठरत नाही म्हणून यादीतले पहिले गोड वाटणारे उचलणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. पण त्या नोंदीसाठी बाळाचे नाव ठरलेले असण्याची अट नाही. नाव नंतर भरता येते. नोंदणीपासून एका वर्षात ते विनाशुल्क भरता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत मुदत असते.

मात्र एकदा भरलेले नाव बदलणे सोपे नाही. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, मग शाळा, बँक, आधार अशी रांग लागते. शिवाय या कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत अनेक ठिकाणी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच धरला जातो. म्हणजे पहिल्याच कागदावर नाव अचूक असणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे.

तेव्हा आत्याने पाळण्याशी वाकून 'कुर्रर्र' करण्याआधी दोन-तीन नावे निवडा आणि घरात आठवडाभर वापरून बघा. 'याला झोप आली', 'याच्यासाठी पाणी गरम करा', 'याने सगळे सांडले' या वाक्यांत ती घाला. आजोबांना म्हणू द्या, शेजारच्या पोरांना म्हणू द्या. जे नाव त्यांच्या तोंडी न अडखळता बसते आणि ज्याचा अर्थ तुम्हाला सांगता येतो, ते ठेवा. मग ते 'व'वर संपो, 'न'वर संपो की 'ळ'वर.